ट्रेनरनं पहिल्या पाच मिनिटांत बोलावं कसं?

वर्कशॉपवाला

नमस्कार मंडळी.

चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आयुष्य मशीनखाली वाकण्यात गेलं, लोकांसमोर उभं राहून बोलायची वेळ फारशी आली नाही. आता वरून ठरलंय की नव्या भरतीच्या पोरांचं इंडक्शन मी घ्यायचं. सेफ्टी, लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप आणि पाटी लावणं), फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), जमलं तर टीपीएमची (मशीन बिघडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून घ्यायची काळजी) तोंडओळख. विषयाची भीती नाही. भीती आहे ती पहिल्या पाच मिनिटांची.

समोर कोण असतं तेही सांगतो. अर्ध्याहून जास्त मुलं लातूर, बीड, परभणीकडची, आयटीआय झालेली. काही डिप्लोमावाले, ते निगडी-चिंचवडचे. काही बिहारची, त्यांना मराठी कळतं पण सगळं नाही. एखादी इंजिनिअर मुलगी, इंग्रजी माध्यमातली.

कंपनीनं मला टीओटीलाही (ट्रेनरसाठीचं ट्रेनिंग) पाठवलं. तिथं सांगितलं की समोरच्यावर छाप पडते त्यात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. मी विचारलं, मग बोलू काय? म्हणाले, कॉन्फिडन्सनं बोला. काय बोलू ते कुणी सांगेना.

इथं कुणी ट्रेनर असतील, किंवा ट्रेनिंगं सोसलेले असतील, त्यांनी लिहा. पहिलं वाक्य कसं असावं? अरे-तुरे की अहो-जाहो? मराठी, हिंदी की मिसळ? स्वतःबद्दल किती सांगायचं?

बेंचवरचा

सोसलेल्यांपैकी एक हजर आहे. हिंजवडीत नोकरी, त्यामुळे दर तिमाहीला कुणीतरी येऊन आमच्यात सुधारणा करतं.

काय करू नये ते आधी सांगतो.

"गुड मॉर्निंग! ... अरे, आवाज नाही आला. नाश्ता नाही का केला? परत एकदा, गुड मॉर्निंग!!" हे ज्यानं कुणी शोधून काढलं त्याला रोज सकाळी आठ वाजता वाकडच्या पुलाखाली उभं करायला पाहिजे. दीड तास बसमध्ये काढून आलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला तू कमी पडलास असं सांगायचं, आणि मग दिवसभर मोटिव्हेशन द्यायचं.

दुसरा नमुना माफीवाला. "खरं तर हा विषय तीन दिवसांचा आहे, आपल्याकडे तीनच तास आहेत, तरी प्रयत्न करतो." म्हणजे मी आत्ता जे ऐकणार ते अर्धवट आहे हे तूच सांगितलंस.

तिसरा, स्वतःच्या कर्तृत्वाच्या सात स्लाइड. कुठल्या कुठल्या देशांत शिकवलं त्याचा नकाशा. आम्ही तोवर मेल बघून घेतो.

फुरसतराव

चौथा राहिला. "हॅलो, हॅलो, चेक, मागे ऐकू येतंय का?" मागे ऐकू येत नसेल तर मागचा उत्तर कसं देणार?

(हलके घ्या. धागा चांगला आहे, वाचनखूण साठवली.)

उलटतपासणी

७-३८-५५ चा विषय निघालाच आहे तर तो मिटवून टाकू, कारण पुण्यातल्या निम्म्या ट्रेनिंगरूममध्ये हा पाय चार्ट भिंतीवर दिसतो.

हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले. प्रयोगात लोकांना भाषण ऐकवलं नव्हतं. सुटे शब्द ऐकवले होते, वेगवेगळ्या सुरांत म्हटलेले, आणि एका प्रयोगात सोबत चेहऱ्यांचे फोटो. विचारलं एवढंच, की बोलणाऱ्याची भावना आवडीची वाटते की नावडीची. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी लोक कशावर भरवसा ठेवतात हा मुद्दा होता. पुढे मेहराबियननं स्वतः लिहिलंय की हे समीकरण भावना आणि आवडनिवड सांगण्यापुरतं आहे, बाकी संवादाला लावू नका.

शब्दांना ७ टक्केच किंमत असती तर तुमचं लॉकआउटचं सेशन जर्मन भाषेत घेऊनही पोरांना ९३ टक्के कळलं असतं.

तेव्हा वर्कशॉपवाले, "काय बोलू" हा तुमचा प्रश्न रास्त आहे.

साडेनऊची_बस

मी फ्रीलान्स ट्रेनर आहे. खराडी, मगरपट्टा, तळवडे, कधी रांजणगाव, जिथं बोलावतील तिथं. बेंचवरचा यांनी सांगितलेले तिन्ही नमुने आमच्या धंद्यात आहेत, नाकारत नाही. पण "कॉन्फिडन्सनं बोला"च्या पुढं जाऊन काही सांगता येतं, ते लिहिते. लांबेल.

पहिली गोष्ट, तुमचं बोलणं "नमस्कार"पासून सुरू होत नाही. खोलीत लोक यायला लागतात तिथून होतं. मी वेळेआधी पोचते, प्रोजेक्टर लावून टाकते आणि मग दारापाशी उभी राहते. येणाऱ्याशी दोन वाक्यं. "कुठून येता? कुठल्या लाइनला आहात? या आधी असं ट्रेनिंग झालंय का?" यात गोडगोड काही नाही, मला माहिती हवी असते. पण होतं काय, की सेशन सुरू होताना निम्म्या लोकांनी माझा साधा, न तापवलेला आवाज ऐकलेला असतो. नंतर मी माइकवर एकदम "हॅलो फ्रेंड्स" अशा वेगळ्याच आवाजात सुरू झाले तर त्यांना लगेच कळतं की आता बाईंनी दुकान उघडलं. म्हणून दारापाशी जो आवाज तोच माइकवर. थोडा मोठा, बाकी तोच.

दुसरं, पहिलं वाक्य त्यांच्या कामातलं असावं. स्वतःचं नाव तिसऱ्या-चौथ्या वाक्यात आलं तरी बिघडत नाही. एका बँकेच्या शाखांमधल्या लोकांसाठी सेशन होतं, विषय ग्राहकांशी बोलणं. मी सुरुवात केली ती "पाच तारखेला पेन्शनची रांग दारापर्यंत गेलेली असते आणि प्रिंटर अडकतो, तेव्हा तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता?" अशी. सगळे हसले आणि तीन जण एकदम बोलायला लागले. माझी ओळख नंतर मीच एका वाक्यात उरकली.

तिसरं, नाव सांगताना सावकाश. आपलं नाव आपल्याला इतकं पाठ असतं की आपण ते गिळतो. नाव, मग थांबा, मग आडनाव. आणि समोरच्यांची नावं विचाराल तेव्हा नीट ऐका. चुकीचं उच्चाराल तर विचारून दुरुस्त करा, "आपण तुला बंटी म्हणू" असले प्रकार नकोत.

चौथं कुणी सांगत नाही. तुमची ओळख दुसरं कोणी करून देणार असेल तर ते काय बोलणार हे आधी ठरवून घ्या. एचआरवाले सीव्ही वाचून दाखवतात. मी त्यांना दोन ओळी लिहून देते: आज हा विषय का ठेवलाय, आणि याच बाई का. तुमच्या बाबतीत प्लांट हेडनं "हे आपले सीनिअर आहेत, यांचं ऐका" म्हणण्यापेक्षा "मशीन अडलं की मी यांनाच फोन करतो" म्हटलं तर काम झालं.

उलटतपासणी

चौथ्या मुद्द्याला पुरावा आहे. १९५० साली हॅरोल्ड केलीनं एमआयटीत एक प्रयोग केला. वर्गात पाहुणा शिक्षक येणार होता. त्याआधी विद्यार्थ्यांना त्याची लेखी ओळख वाटली. मजकूर सगळ्यांना तोच, फरक एकाच ठिकाणी: काहींच्या कागदावर तो माणूस अतिशय प्रेमळ आहे असं होतं, काहींच्या कागदावर जरा थंड आहे असं. मग सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच माणसाला ऐकलं. प्रेमळवाला कागद मिळालेल्यांनी त्याला चांगलं ठरवलंच, शिवाय चर्चेत भाग घेणारे त्यांच्यात ५६ टक्के होते, दुसऱ्या गटात ३२.

म्हणजे पहिली छाप पाडायची अर्धी लढाई ट्रेनरनं तोंड उघडण्याआधी होऊन गेलेली असते. एचआरनं मेलमध्ये "अटेंडन्स कंपलसरी, गैरहजर राहिल्यास कारवाई" असं लिहिलं असेल तर बिचारा ट्रेनर काय करणार.

जुना_निदेशक

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिल्प निदेशक होतो, आता निवृत्त. वर्कशॉपवाले, तुमच्यासमोर येणारी मुलं म्हणजे आमचीच मुलं. म्हणून लिहितो.

अरे-तुरे की अहो-जाहो? पहिल्या दिवशी "तुम्ही". ठामपणे. गावाकडून आलेल्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पुण्याकडे आल्यापासून सगळ्यांनी "ए" म्हटलेलं असतं. रूमचा मालक, खानावळवाला, कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर. गणवेश घातलेला मोठा माणूस "तुम्ही" म्हणतो तेव्हा तो ताठ बसतो. "तू" नंतर येतो, मशीनवर शेजारी उभं राहिल्यावर, आपोआप. तेव्हा तो गोड लागतो. पहिल्या मिनिटाला आलेला "तू" हुकूम वाटतो.

"आपण" जपून वापरा. "आपण हेल्मेट घालणार आहोत, आपण मोबाइल बाहेर ठेवणार आहोत", हे बालवाडीतल्या बाईंसारखं होतं. जे दोघंही करणार त्याला आपण. जे फक्त त्यांनी करायचं त्याला सरळ तुम्ही. आणि "आम्ही" म्हणालात की झालंच, कंपनी एकीकडे आणि पोरं एकीकडे.

हत्यारांची नावं. पुस्तकात कानस असतं, मुलं फाइल म्हणतात. पान्याला कुणी पाना म्हणतं, कुणी स्पॅनर. पक्कड सगळ्यांना कळते, प्लायर म्हटलंत तर एखादा बुजतो. पहिल्या पाच मिनिटांत मी एक वस्तू हातात घेऊन विचारायचो, "याला तुमच्याकडं काय म्हणतात?" चार नावं यायची. मी सगळी फळ्यावर लिहायचो आणि सांगायचो, स्टोअरच्या चिठ्ठीवर हे नाव लिहायचं, बाकी काहीही म्हणा. याच्यात दोन गोष्टी साधतात. त्यांचं तोंड उघडतं, आणि आपलं बोलणं इथं चालतं हे कळतं.

वऱ्हाडी_ठेचा

निदेशक सर, शेवटचं वाक्य फ्रेम करून प्रत्येक ट्रेनिंग रूममध्ये लावा.

मी अकोल्याचा, पुण्यात बरीच वर्षं झाली. पहिल्या नोकरीतलं इंडक्शन अजून आठवतं. ट्रेनरनं सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितली. मी उठून म्हटलं, "मी सध्या वाकडले राहून राहिलो." तो हसला. वाईट हसला असं नाही, गंमत वाटली त्याला. "राहून राहिलो!" असं दोनदा म्हणून बघितलं. खोली हसली. त्या दिवसात मी परत तोंड उघडलं नाही, आणि विषय होता कम्युनिकेशन स्किल्स.

"पानी", "लोनी", "आनि" म्हणणाऱ्या मराठवाड्याच्या पोरांचं तर विचारूच नका. ण नीट आला नाही म्हणून इथं माणसाची अक्कल ठरते. ट्रेनर लोक आपली छाप कशी पडेल याचा इतका विचार करतात, समोरच्याच्या पहिल्या वाक्यावर आपला चेहरा काय करतो याचा नाही करत. ट्रेनर कसा आहे हे पोरं त्याच्या भाषणावरून ठरवत नाहीत. त्यांच्यातला पहिला जण चुकत-माकत बोलतो तेव्हा हा काय म्हणतो, त्यावरून ठरवतात.

आणि कृपा करून आमच्यासारखं बोलायचा प्रयत्नही करू नका. पुणेरी माणूस "काहून बे" म्हणाला की अंगावर काटा येतो. स्वतःच्या बोलीत बोला, आमच्या बोलीत ऐका.

कोथरूडची_काकू

वऱ्हाडी, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण लगेच प्रमाण भाषेलाच झोडपायची गरज नाही. ट्रेनर हा शिकवायला उभा आहे. त्यानं स्वच्छ, निवडक बोलू नये का? १८७५ पासून या गावात वसंत व्याख्यानमाला चालू आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. इथला श्रोता चोखंदळ आहे, आणि त्याला ढिसाळ बोलणं चालत नाही. उच्चार स्पष्ट असणं हा समोरच्याचा मान ठेवणंच आहे की.

वऱ्हाडी_ठेचा

काकू, स्पष्ट बोला की, कोण नको म्हणतंय. स्पष्ट आणि पुणेरी या दोन गोष्टी आहेत एवढंच म्हणणं आहे. आमच्या जिल्ह्यातले कीर्तनकार बिनमाइकचे शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचतात, आणि त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी शिगोशीग भरलेली असते.

कोथरूडची_काकू

हे मात्र खरं. कीर्तनकारांवर वाद नाही.

फुरसतराव

आज तारीख लिहून ठेवा, काकू सहमत झाल्या.

स्वरयंत्र

नाटकात आणि आकाशवाणीवर हंगामी काम केलंय, आता लोकांना आवाजाचे धडे देतो. आवाजाबद्दल इथं कुणीच बोललं नाही म्हणून.

ग्लासगोत २०१४ साली एक अभ्यास झाला. ६४ जणांच्या रेकॉर्डिंगमधला "हॅलो" हा एकच शब्द ३२० श्रोत्यांना ऐकवला, अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरचा तुकडा. कुठला आवाज विश्वासू वाटतो, कुठला दांडगट, यावर श्रोत्यांचं एकमेकांशी बरंच जुळलं. ते खरे तसे होते का हा प्रश्नच नव्हता. पण लोक इतक्या लवकर मत बनवतात, आणि साधारण सारखं बनवतात.

यावरून आवाज बदलायच्या मागे लागू नका. खर्जात बोलायचा प्रयत्न करणारे ट्रेनर मी बघतो, दुपारपर्यंत घसा बसतो. तुमच्या हातात ज्या गोष्टी आहेत त्या सांगतो.

वाक्याचा शेवट गिळू नका. मराठीत ही गोष्ट जीवघेणी आहे, आणि तुमच्या विषयात तर अक्षरशः. आपल्याकडं क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. "मशीन चालू असताना गार्डच्या आत हात घालायचा नाही." बहुतेकांचा श्वास "घालायचा"ला संपतो आणि "नाही" हवेत विरतं. मागच्या रांगेतल्या, मराठी अर्धवट कळणाऱ्या मुलानं काय ऐकलं? गार्डच्या आत हात घालायचा. म्हणून एकतर वाक्य छोटं करा, म्हणजे श्वास पुरेल, किंवा नकार पुढं आणा: "हात आत नाही घालायचा. कधीच नाही." पहिल्या पाच मिनिटांतली वाक्यं तर सात-आठ शब्दांच्या वर जाऊच देऊ नका.

सुरुवातीला वेग आपोआप वाढतो, भीतीनं. उपाय एकच मला माहीत आहे: पहिली तीन वाक्यं पाठ करा आणि प्रत्येकाच्या शेवटी एका माणसाकडं बघून तोंड बंद करा. पुरतं बंद. ओठ मिटले की "म्हणजे", "काय आहे ना", "ॲक्च्युअली" बाहेर पडत नाहीत.

प्रत्येक वाक्याला "बरोबर?", "ओके?", "कळतंय ना?" लावू नका. कळलं नाही असं म्हणायची सोय त्यात नसते. शिवाय सूर प्रत्येक वेळी वर जातो आणि माणूस परवानगी मागतोय असं वाटतं.

कॉलर माइक असेल तर खोकण्याआधी बंद करा. आणि शॉपच्या, म्हणजे वर्कशॉपच्या, शेजारी खोली असेल, कॉम्प्रेसर चालू असेल, तर आवाज वाढवण्यापेक्षा लोकांना पुढं बोलवा.

साडेनऊची_बस

"नाही" गिळलं जातं हा मुद्दा कमाल आहे. इतकी वर्षं बोलतेय, लक्षात आलं नव्हतं. उद्यापासून चोरणार.

उलटतपासणी

एक काडी टाकून जातो. सगळे छाप कशी पाडायची ते सांगताहेत, छापेवर किती विसंबायचं ते नाही.

नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांचा १९९३ चा अभ्यास: कॉलेजात शिकवणाऱ्यांचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे, तेही आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवले. त्यांनी दिलेले गुण आणि सत्राअखेर खऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेले गुण बरेच जुळले. ट्रेनर लोक हे अभिमानानं सांगतात. पण यातून दुसरंही निघतं, की सत्राअखेरचा फीडबॅक फॉर्म कदाचित पहिल्या दहा सेकंदांचीच नक्कल असतो. शिकलं किती ते त्यात येत नाही.

त्याहून भारी म्हणजे डॉ. फॉक्स. अमेरिकेत १९७० साली एका नटाला तज्ज्ञ "डॉ. फॉक्स" म्हणून उभं केलं. विषय गणिती गेम थिअरी, बोलणं मुद्दाम पोकळ आणि परस्परविरोधी, पण ढंग झकास, विनोद वगैरे. समोर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक. सगळे शिकलेले. त्यांनी व्याख्यानाला उत्तम शेरे दिले. १९७३ साली हे छापून आलं.

म्हणून वर्कशॉपवाल्यांना माझा सल्ला: फीडबॅक फॉर्ममध्ये पाचपैकी पाच मिळाले तर खूश होऊ नका. कुलूप लावता येतं का ते शॉपवर जाऊन बघा.

सरकारी_खाक्या

आमच्याकडची तऱ्हा वेगळी म्हणून लिहितो. शासकीय प्रशिक्षणं देतो, तालुक्याच्या गावांत जास्त, पुण्यात अधूनमधून. बाणेर रस्त्यावरच्या यशदाचं (शासनाची प्रशिक्षण संस्था) आवार ज्यांनी पाहिलंय त्यांना ती शिस्त माहीत असेल, तिथं सेशन वेळेवर सुरू होतं आणि वक्ता थेट विषयावर येतो. तालुक्याला उलटं. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत. माझी पाळी येते तेव्हा "पहिली पाच मिनिटं" संपून पाऊण तास झालेला असतो आणि समोरच्यांच्या डोळ्यांत चहा दिसतो.

अशा वेळी मी मान्यवरांची नावं परत घेत नाही. "व्यासपीठावरील सर्व मान्यवर" एवढ्यावर उरकतो आणि व्यासपीठावरून खाली उतरतो. खाली उतरून बोललेलं पहिलं वाक्य निम्म्या आवाजात असलं तरी ऐकू जातं.

संबोधन हा आमच्याकडं नाजूक विषय. आशाताई, अंगणवाडी सेविका असतील तर "ताई" चालतं, बरं वाटतं. तलाठी-ग्रामसेवकांना दादा म्हटलं तर भुवई वर जाते, तिथं "आपण". निवृत्तीला आलेला अव्वल कारकून आणि नुकती लागलेली मुलगी एकाच वर्गात असतात. "मित्रांनो" दोघांनाही बसत नाही. मी काहीच संबोधन लावत नाही, सरळ विषय. कुणी हरकत घेतलेली नाही.

वर्कशॉपवाला

बाप रे. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचलं, काही शॉपमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. "नाही" गिळण्याचं तर लगेच तपासलं. आमचा शिफ्ट सुपरवायझर खरंच गिळतो.

सगळ्यांचं ऐकून एक मसुदा केलाय. फाडा.

"नमस्कार. आज दुपारी चार वाजता तुम्ही शॉपवर उभे असणार. (थांबायचं.) हे कुलूप बघा. (हातात लाल कुलूप.) ज्या मशीनवर माझं कुलूप आहे, ते मशीन मी सोडून कुणीही चालू करू शकत नाही. प्लांट हेडसुद्धा नाही. किल्ली माझ्या खिशात. आज प्रत्येकाला स्वतःचं कुलूप मिळेल. मी मेंटेनन्सला आहे. इथलं प्रत्येक मशीन मी उघडून बघितलंय. मराठीत बोलेन, अडेल तिथं हिंदीत. नहीं समझा तो हाथ उठाकर रोकना, बुरा नहीं मानूँगा. आता मला सांगा, याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

स्वरयंत्र

चांगलं आहे. "मी सोडून कुणीही चालू करू शकत नाही" लांब आहे आणि "नाही" पुन्हा टोकाला. "माझं कुलूप आहे तोवर मशीन बंद. कुणासाठीही बंद." असं करून बघा, मोठ्यानं.

जुना_निदेशक

कुलपाला सगळीकडं कुलूपच म्हणतात हो, फार तर टाळं, ताला. तो प्रश्न कुलपावर नको, पुढं पक्कड किंवा पाना काढाल तेव्हा विचारा. आणि कुलूप लावल्यावर बटण दाबून बघायचं, मशीन खरंच मेलंय का, हे पहिल्या पाच मिनिटांतच करून दाखवा. नंतर सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहत नाही.

साडेनऊची_बस

हिंदीचं वाक्य अगदी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आणा. बिहारची मुलं पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवतात की हे आपल्यासाठी आहे की नाही. एवढ्या उशिरा आलं तर तोवर ती मान खाली घालून बसलेली असतील. आणि ते बोलताना त्यांच्याकडंच बघू नका, सगळ्यांकडं बघून म्हणा. नाहीतर खोलीत त्यांचा वेगळा कोपरा पडतो.

"प्लांट हेडसुद्धा नाही" अजिबात काढू नका. तिथं हशा येईल, आणि तो तुम्ही विनोद न करता येईल.

कोथरूडची_काकू

मसुदा चांगला आहे हो. "अडेल तिथं हिंदीत" ऐवजी कुणाचं अडेल तेही सांगा, नाहीतर वाटेल तुमचंच अडणार आहे.

वऱ्हाडी_ठेचा

काकू, याला म्हणतात चोखंदळ श्रोता.

वर्कशॉपवाला

सगळं टिपून घेतलं. एकच राहिलं. चाकण चौकात गाड्या तुंबल्या की कंपनीची बस उशिरा येते, निम्मी पोरं दहा मिनिटांनी आत येतात. त्यांच्यासाठी परत पहिल्यापासून सुरू करायचं का?

साडेनऊची_बस

परत सुरू करू नका. जे वेळेवर आले त्यांना शिक्षा होते. टोमणाही नको, बस त्यांनी चालवलेली नसते. वाक्य पूर्ण करा, रिकाम्या खुर्चीकडं हात करा, "बसा, आपण कुलपाशी आहोत" एवढंच. मग आधी आलेल्यांपैकी एखाद्याला म्हणा, "यांना सांगा, काय झालं ते." तो त्याच्या भाषेत सांगेल. तुम्ही काय बोललात आणि काय पोचलं हे तिथंच कळेल.

बेंचवरचा

आणि चहा किती वाजता, जेवण किती वाजता, बाथरूम कुठं, हे आधी सांगून टाका. ते कळेपर्यंत कुणीही काहीही ऐकत नसतं.